जुनं घर : एक्स्चेंजआधीचा हिशेब

लंडनच्या कडेला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला परवडणारं घर बहुतेक वेळा जुनंच असतं. हॅरो, हाउन्स्लो, स्लाव या भागांत १९३०च्या दशकातल्या सेमी-डिटॅच्ड घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. शहराकडे सरकलात की व्हिक्टोरियन टेरेस सुरू होतात. इथे स्थिरावलेल्या काही कुटुंबांना आम्ही एवढंच विचारलं, की घर घेण्याआधी दुरुस्तीचा आकडा काढायचा कसा? त्यांनी सांगितलेलं इथे एकत्र केलं आहे. नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडचे कर आणि खरेदीची पद्धत दोन्ही निराळे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. हा आकडा तुम्हाला आयता कोणीच देणार नाही. इस्टेट एजंटाला पैसे विकणारा देतो. बँकेचा व्हॅल्यूअर घरात थोडा वेळ डोकावतो, कधी तेवढंही करत नाही, आणि त्याला एवढंच बघायचं असतं की कर्ज बुडालं तर घर विकून वसूल होईल का. सॉलिसिटर कागद वाचतो, भिंती नाही. उरला सर्व्हेयर. जुन्या किंवा बरीच तोडफोड झालेल्या घरासाठी सर्वांत सविस्तर, म्हणजे लेव्हल थ्रीचाच सर्व्हे करावा, घराच्या आकारानुसार साधारण ८०० ते १,५०० पौंड पडतात. पण तोही गालिचे उचलत नाही, वायरिंग तपासत नाही, आणि खर्चाचा आकडा वेगळा मागितल्याशिवाय सहसा देत नाही. अहवालभर ‘तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे’ असं लिहिलेलं सापडतं. तो वाचून घाबरूही नका आणि बाजूलाही ठेवू नका. सर्व्हेयरला फोन करा आणि सरळ विचारा, ‘हे घर तुम्ही घेतलंत तर आधी काय कराल?’ कागदावर न लिहिलेलं बरंच काही त्या फोनवर कळतं.

सुदैवाने वेळ मिळतो. ऑफर मान्य झाल्यापासून कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, आणि तोवर दोन्ही बाजूंना माघार घेता येते. एक्स्चेंज झालं की साधारण दहा टक्के डिपॉझिट अडकतं. म्हणून बिल्डर, इलेक्ट्रिशियन, छतवाला, जो कोणी दाखवायचा असेल तो याच काळात एजंटमार्फत वेळ मागून घरात आणायचा. किल्ल्या मिळाल्यावर बिल्डर बोलावणारे लोक पुष्कळ आहेत. त्या वेळी कळलेला आकडा फक्त भरायचा असतो.

घर बघायला जाल तेव्हा किचनमध्ये रेंगाळू नका. किचन बदलता येतं, आणि आपण ते बदलतोच. एक फेरी पावसात मारा. रस्त्याच्या पलीकडून मोबाइलचा झूम लावून छताची कौलं पाहा, रिज सरळ आहे की मध्ये बसली आहे ते पाहा, गटरीतून पाणी भिंतीवर उतरतंय का ते पाहा. जिन्याखालचं कपाट उघडा: लाकडी फळीवर बसवलेले तारेचे फ्यूज असतील तर अख्ख्या घराचं वायरिंग धरून चला. किचनच्या सिंकखाली पाण्याचा पाइप करड्या मऊ धातूचा असेल आणि नखाने ओरखडल्यावर चकाकत असेल तर तो शिशाचा. १९७० आधीच्या घरांत तो अजून सापडतो. खोलीत आतून छताला खरबरीत नक्षीचा थर असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ साली आली, तेव्हा नमुना तपासल्याशिवाय तो थर खरवडायचा नाही, खरवडू द्यायचा नाही.

मग वरच्या मजल्यावर जा आणि चिमणी मोजा. खालच्या खोलीत चिमणीचा उंचवटा नाही पण वर आहे, म्हणजे कोणीतरी खालचा भाग काढून खोली मोठी केली आहे. वरच्या विटा आता कशावर उभ्या आहेत? दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेल्या ऐसपैस हॉललाही हाच प्रश्न विचारायचा. उत्तर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलच्या कम्प्लिशन सर्टिफिकेटमध्ये असतं. ते सापडलं नाही तर सॉलिसिटर इंडेम्निटी पॉलिसी सुचवेल, थोड्या पैशांत कागद पूर्ण होतील. ती पॉलिसी कौन्सिलच्या कारवाईपासून वाचवते. भिंत ती उचलून धरत नाही. अशा ठिकाणी स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी देणं भाग आहे, आणि बीम घालावा लागला तर तो खर्च यादीत सर्वांत वर लिहायचा.

तड्यांबद्दलही थोडं. लंडनखालची चिकणमाती कोरड्या उन्हाळ्यात आकसते, आणि या घरांचे पाये उथळ आहेत. केसाएवढे तडे सगळ्याच जुन्या घरांत असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके गेलेले, ५ मिलिमीटरपेक्षा रुंद, जवळ मोठं झाड असलेले तडे मात्र इंजिनिअरला दाखवा. घरावर पूर्वी सबसायडन्सचा, म्हणजे जमीन खचल्याचा, क्लेम झाला असेल तर विमा कंपनीचा भाव आधी विचारून घ्या.

ओलीच्या बाबतीत आमच्या कुटुंबांचं मत ठाम आहे. फुकट सर्व्हे करणारा बहुतेक वेळा भिंतीत रसायन टोचण्याचं काम विकायलाच आलेला असतो. बरेचदा कारण साधं निघतं: बाहेरची जमीन किंवा पेव्हिंग ओल-प्रतिबंधक थराच्या वर चढलेलं, बुजलेल्या हवा-विटा, फुटकी गटर. पैसे घेऊन तपासणारा आणि स्वतः काम न करणारा माणूस इथे स्वस्त पडतो. आणि आपल्या घरांतली निम्मी ओल आतूनच येते. रोजची फोडणी, कुकरच्या शिट्ट्या, आत वाळत घातलेले कपडे. हवा तिथल्या तिथे फिरवणारा हूड आपल्या स्वयंपाकाला पुरत नाही. बाहेर नळी काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचे पैसे किचनच्या अंदाजात आत्ताच धरा.

सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा घालून बघायला दोन-तीनशे पौंड लागतात. शेजाऱ्याशी सामायिक असलेल्या बहुतेक नाल्या १ ऑक्टोबर २०११ पासून पाणी कंपनीच्या ताब्यात गेल्या आहेत, पण फक्त तुमच्या घराची, तुमच्या हद्दीतली नाली अजून तुमचीच.

आता बेरीज. समजा तीन बेडरूमचं सेमी आहे आणि तुमच्याकडे बिल्डरांचे आकडे आले: वायरिंग ८,०००, बॉयलर आणि रेडिएटर ८,०००, छत १४,०००, ओल व गिलावा ९,०००, खिडक्या ९,०००, किचन १५,०००, बाथरूम ८,०००, फरशी व रंग ८,०००. एकूण ७९,००० पौंड. हे आकडे व्हॅट सोडून असतील तर वर २० टक्के, म्हणजे ९४,८००. जुन्या घरात भिंत उघडली की काहीतरी निघतंच, त्यासाठी १५ टक्के राखीव धरा. झाले सुमारे १,०९,०००. काम चालू असताना चार महिने भाड्याच्या घरात राहायचं, १,९०० पौंडांप्रमाणे ७,६००. एकोणऐंशी हजारांचं काम १,१७,०००च्या घरात गेलं. आणि नेहमीचं गृहकर्ज दुरुस्तीसाठी मिळत नाही. ही रक्कम खात्यात रोख असावी लागते.

व्हॅटचा प्रश्न प्रत्येक कोटवर लेखी विचारा. वर्षाला ९०,००० पौंडांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या छोट्या कारागिराला व्हॅटची नोंदणी सक्तीची नाही. घर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त रिकामं पडलेलं असेल, आणि तसा पुरावा असेल, तर बऱ्याच कामांवर २०ऐवजी ५ टक्के व्हॅट लागतो. मृत आजोबांचं घर नातवंडं विकतात तेव्हा हे हमखास विचारावं. लॉफ्टची खोली करायचा विचार असेल तर सामायिक भिंतीसाठी शेजाऱ्याला पार्टी वॉलची नोटीस दोन महिने आधी द्यावी लागते, आणि त्याने हरकत घेतली तर सर्व्हेयरची फी सहसा तुमच्याच माथी येते.

आता ज्या खर्चाने सर्वांत जास्त मराठी कुटुंबांचं बजेट कोलमडतं, तो घरात दिसतच नाही. पुण्यात किंवा ठाण्यात तुमच्या नावावर फ्लॅट आहे? मग इंग्लंडच्या स्टॅम्प ड्यूटीच्या लेखी तुम्ही पहिल्यांदा घर घेणारे नाही. जगात कुठेही घर असलं तरी ते धरलं जातं. तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल तर वर आणखी ५ टक्के अधिभार, तोही पूर्ण किमतीवर. ५ लाख पौंडांच्या घरावर पहिल्यांदा घेणाऱ्याला १०,००० पौंड भरावे लागतात; फ्लॅटवाल्याला ४०,०००. फरकात वरच्या यादीतलं छत आणि किचन दोन्ही बसतात. नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर असलं तरी चालत नाही, आणि बाबांनी ‘असू दे’ म्हणून घातलेलं नावही मोजलं जातं. वारसाहक्काला काही सवलती आहेत, त्या सॉलिसिटरकडूनच समजून घ्या.

बेरीज हातात आली की विकणाऱ्याशी बोला. ‘घर जुनं आहे, कमी करा’ याला इथे कोणी दाद देत नाही. छत, वायरिंग आणि ओल यांचे लेखी कोट एजंटला पाठवा आणि त्यावर आकडा मागा. किचन आवडत नाही हे कारण देऊ नका. पहिल्यांदाच घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ५ लाखांच्या वर एक पौंड गेला तरी त्यांची सवलत पूर्ण जाते. ५,१०,०००चं घर ५,००,०००वर आणलंत तर स्टॅम्प ड्यूटीही १५,५००वरून १०,०००वर येते.

एवढं करूनही जमलं नाही तर सर्व्हे आणि सॉलिसिटरचे दोन-तीन हजार पौंड बुडतील. बुडू द्या. छत, वायरिंग आणि नाली या तिन्हींचे लेखी आकडे हातात आल्याशिवाय एक्स्चेंजच्या कागदावर सही करू नका, एजंट दिवसातून चार फोन करत असला तरी.