मोरपीस पुसताना

टॅटू नकोसा झाला असेल आणि गोंदवून अजून दोन महिनेही झाले नसतील, तर आत्ता काहीही करू नका. कुठे आगाऊ पैसे भरू नका, आणि कुणी सुचवलेलं काही हातावर चोळू तर मुळीच नका. नावड जितकी ताजी, तितकी घाई जास्त. लेझर करायला गेल्यावर दवाखान्याच्या बाकावर ज्यांच्याशी बोलणं झालं, त्यांतल्या ज्यांची कातडी बिघडली होती ते जवळजवळ सगळे घाईने बिघडवून घेतलेले होते.

माझं निमित्त साधं. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत मोरपीस गोंदवलं. निळं, हिरवं, मध्ये काळसर डोळा, आणि चमक यावी म्हणून पांढऱ्या शाईच्या बारीक रेषा. कागदावर नाजूक दिसत होतं. हातावर उतरलं तेव्हा मोरपीस कमी आणि वाऱ्याने फाटलेलं केळीचं पान जास्त. यात प्रेमभंग नाही, घरच्यांचा विरोध नाही. आवडलं नाही, एवढंच. हे कारण कुणाला पुरेसं वाटत नाही. ‘सवय होईल गं’ असं सगळ्या म्हणाल्या. मला झाली नाही.

मग सल्ले सुरू झाले. आत्या म्हणाली, बिब्बा लाव, चार दिवसांत साल निघेल. साल निघते हे खरंच आहे, कारण बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. पण शाई सालीत नसतेच. ऑफिसातल्या एकीने टॅटू घालवायचं क्रीम मागवून दिलं. अशा क्रीममध्ये बहुधा साल जाळणारं आम्ल असतं, नाहीतर रंग फिका करणारं औषध. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असं एकही क्रीम आजवर मंजूर केलेलं नाही. मिठाने घासायचा उपाय तर फार जुना आहे. त्यातून टॅटू गेला तरी त्या जागी व्रण बसतो.

वरून लावलेलं का चालत नाही, याचं उत्तर शाई कुठे असते त्यात आहे. सुई शाई टाकते ती वरच्या सालीच्या खाली, अंतस्त्वचेत. शरीराला ती परकी वाटते. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी धावत येतात, शाईचे कण गिळतात आणि मोठे कण पचवता न आल्यामुळे पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. 2018 साली फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेली शाई शेजारची नवी पेशी उचलते. म्हणून टॅटू टिकतो. माझ्या आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन ती गेली तोवर तसंच होतं, फक्त कडा पसरलेल्या आणि रंग हिरवट-निळा. गोंदणाची काजळी काळीच असते. कातडीतून बघताना ती निळसर दिसते.

लेझर काय करतो? तो शाई पुसत नाही. तो कण फोडतो. फुटलेला चुरा मग शरीर हळूहळू उचलतं आणि लसिकावाहिन्यांतून वाहून नेतं. हे एवढं ध्यानात राहिलं तर बाकीचे सगळे नियम आपोआप कळतात: दोन बैठकींमध्ये सहा ते आठ आठवडे का सोडायचे, मनगटाजवळचं पाठीवरच्यापेक्षा उशिरा का जातं, आणि ‘तीन बैठकींत साफ’ ही पाटी खोटी का. यंत्राचं काम काही मिनिटांचं असतं. पुढचं काम आपलं रक्त, आपली लसिका करते, आणि तिला घाई करता येत नाही.

फोडायचं तरी कसं? 1983 साली अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी तत्त्व मांडलं: ज्या रंगाला लक्ष्य करायचं त्यानेच शोषावा असा प्रकाश निवडा, आणि तो इतक्या थोड्या वेळासाठी मारा की उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत काम आटोपलं पाहिजे. टॅटूचे कण अतिसूक्ष्म, म्हणून ठोकाही अतिसूक्ष्म लागतो. क्यू-स्विच्ड लेझरचा ठोका नॅनोसेकंदांचा असतो, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाच्या हिशेबात. पिको लेझरचा त्याहूनही लहान. केस काढायच्या लेझरचा किंवा आयपीएल यंत्राचा ठोका मात्र मिलिसेकंदांचा, साधारण दहा लाख पटींनी लांब. तेवढ्या वेळात शाईचा कण फुटत नाही. तो तापतो आणि भोवतालची कातडी भाजतो.

हा फरक मी पुस्तकात वाचायच्या आधी हातावर शिकले. ‘लेझर टॅटू रिमूव्हल’ असा फलक लावलेल्या एका ब्यूटी सेंटरमध्ये एका चटपटीत मुलीने, त्वचारोगतज्ज्ञ कोण आहेत हे विचारल्यावर ‘डॉक्टर येतात ना मॅडम, शनिवारी’ असं सांगत, मोरपिसाच्या देठावर ‘ट्रायल’ म्हणून चार ठोके दिले. रात्री तिथे फोड आले. महिन्याभराने त्या चार जागा पांढुरक्या पडल्या. यंत्र केस काढायचं होतं, हे पुढे डॉक्टरांना त्यावर लावलेलं नाव सांगितल्यावर कळलं. फोटोत हात छान यावा म्हणून मी खर्च करत होते आणि त्या चार ठिपक्यांनी तेवढीच भर घातली. आगाऊ भरलेले पॅकेजचे पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर फक्त ‘स्किन सर्व्हिस’ लिहिलं होतं.

त्यानंतर गेले ते त्वचारोगतज्ज्ञांकडे. त्यांनी पहिल्या भेटीत लेझरला हातच लावला नाही. प्रश्न विचारले. जखम झाली की फुगीर, लालसर व्रण येतो का? मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का? दिवस गेलेत का? सिगारेट? (सिगारेट ओढणाऱ्यांचा टॅटू फार सावकाश फिकट होतो.) मग एका कागदावर गुण मांडले. कर्बी आणि देसाई या डॉक्टरांनी 2009 साली सुचवलेली ती मापनपट्टी आहे. कातडीचा रंग, टॅटूची जागा, रंग किती आणि कोणते, शाई किती दाट, आधीचा व्रण, आणि एका टॅटूवर दुसरा चढवलाय का, या सहा गोष्टींचे गुण मिळवून बैठकींचा अंदाज निघतो. माझी बेरीज चांगलीच मोठी आली. जत्रेत गोंदवलेलं साधं काळं नाव माझ्या मोरपिसाआधी जाईल, असं माझ्या डॉक्टर म्हणाल्या. कारण हौशी गोंदणात शाई थोडी असते आणि बहुधा नुसती काजळी असते. चांगल्या कारागिराने दाट भरलेला रंग जास्त चिवट.

रंगांचं गणित मात्र गोंदवायच्या आधी कुणी सांगत नाही. काळा आणि गडद निळा 1064 नॅनोमीटरच्या लेझरला बऱ्यापैकी दाद देतात. लाल 532 ला. हिरवा आणि आकाशी हट्टी. त्यांना अलेक्झांड्राइट किंवा रुबी लेझर लागतो, आणि तो प्रत्येक दवाखान्यात असतोच असं नाही. आपल्या सावळ्या कातडीत स्वतःचं मेलॅनिनही भरपूर असतं. तेही प्रकाश शोषतं, म्हणून आपल्यासाठी 1064 त्यातल्या त्यात सुरक्षित आणि कमी तरंगलांबीचे ठोके जपून. फार जोर लावला की काळपट डाग पडतो, तो काही महिन्यांनी निवळतो. पांढरा पडला तर मात्र कायमचा राहू शकतो.

आणि ती पांढरी शाई! पांढऱ्या, गुलाबी, कातडीच्या रंगाच्या शाईत टायटॅनियम किंवा लोहाची ऑक्साइडं असतात आणि लेझरच्या ठोक्याने ती उलटी काळी पडू शकतात. डॉक्टरांनी एकाच रेषेवर बारीकसा ठोका मारून पाहिला. रेष करडी झाली. मग त्या सगळ्या रेषा शेवटासाठी राखून ठेवल्या. भुवयांना किंवा ओठांना पर्मनंट मेकअप केलेल्यांनी हे दोनदा वाचावं. तिथल्या शाईत लोहाची ऑक्साइडं सर्रास असतात, आणि चाचणी-ठोक्याशिवाय कुणालाही पुढे जाऊ देऊ नये.

प्रत्यक्ष बैठकीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी बधिर करायचं मलम लागतं. ते किती आणि किती वेळ, हे डॉक्टर ठरवतात. घरूनच भरपूर थापून, प्लास्टिक गुंडाळून येऊ नये. मोठ्या भागावर ते अंगात भिनून त्रास देतं. डोळ्यांवर चष्मा हवाच, तुमच्याही आणि त्यांच्याही. ठोका बसला की जागा पांढरी होते, तो वायूचा फेस असतो आणि थोड्या वेळात जातो. दुखतं; गोंदवताना दुखलं त्याहून जास्त, पण लवकर आटोपतं.

खरी परीक्षा घरी. फोड आला तर फोडायचा नाही, खपली ओढायची नाही, मलम लावून न चिकटणारी पट्टी बांधायची. आणि ऊन. पुण्यात दुचाकीवर फिरणाऱ्या बायकांच्या सनकोटाला मी आयुष्यभर हसले होते. वर्षभर तोच घातला. उन्हाने रापलेल्या कातडीवर लेझर नको, म्हणून एप्रिल-मेमध्ये सुरुवात करण्यापेक्षा पावसाळ्यानंतर करावी. दर बैठकीआधी त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढून ठेवावा. फिकेपणा रोज बघणाऱ्याला दिसत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगते. आरोग्यविमा हे देत नाही, कारण ते सौंदर्योपचारात धरतात, आणि बिलावर वर जीएसटी लागतो. बैठकींची संख्या कुणीही छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून एकदम पॅकेज घेऊ नका. दर बैठकीचे पैसे द्या. पूर्ण कोरी कातडी मिळेलच असं नाही. दुसरा मार्गही असतो: काही बैठकींनी रंग फिका करून त्यावर नवं चित्र गोंदवायचं. त्याला बैठकी कमी लागतात.

बाकावर भेटलेल्यांत सैन्यभरतीची तयारी करणारी सातारा-सांगलीकडची मुलं बरीच. भारतीय सैन्यात हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागे टॅटू चालतो. दंडावर, छातीवर, मानेवर चालत नाही. आदिवासी समाजांना परंपरेची सूट आहे. मुलं येतात ती मेळाव्याला दोन महिने राहिलेले असताना. दोन महिन्यांत एखाद-दुसरीच बैठक होते. भरतीला जायचं असेल तर आधी अधिसूचना वाचा, आणि टॅटू घालवायचा असेल तर किमान वर्षभर आधी सुरुवात करा.

माझं मोरपीस आता फिकट हिरवट सावलीपुरतं उरलंय. काळं आणि निळं गेलं. हिरव्यासाठी दुसऱ्या दवाखान्यातलं यंत्र बघायचंय, पांढऱ्या रेषा अजून तशाच आहेत, आणि त्या सेंटरने दिलेले चार ठिपकेही. तुम्ही जाणार असाल तर ‘लेझर आहे का’ एवढ्यावर थांबू नका. कोणता लेझर, त्याचा ठोका नॅनो की मिली, चालवणार कोण आणि त्यांचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, चाचणी-ठोका देणार का, हे सगळं विचारा. उत्तराऐवजी सवलतीचा कागद पुढे आला तर पैसे न भरता उठून या.