गडावर नेण्याआधी

चि. अनुजा,


सातवीच्या मुलांना घेऊन डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणार असल्याचं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. वाट पाचनईची धरलीस, तेही योग्यच. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांबची, आणि नळीची वाट तर या वयाच्या पोरांची नव्हेच.

तुझी सूचनांची यादी वाचली. कड्यावर जाऊ नये, रांग सोडू नये, मस्ती करू नये. यातलं काहीच चूक नाही, पण अशी यादी मुलं बसमध्येच विसरतात. शिवाय चूक झाली की ती लपवायला शिकतात. मला थंडी वाजतेय, मला भीती वाटतेय, माझा पाय मुरगळलाय, हे न लाजता सांगणारं मूल गडावर सगळ्यात सुरक्षित असतं. त्यामुळे जायच्या आधी वर्गात सांग की असं बोलणाऱ्याला कुणी हसायचं नाही. आणि गडावर पहिल्यांदा कुणी बोललं, की सगळ्यांसमोर त्याचं ऐक. त्यावरून बाकीचे ठरवतात की बाईंना सांगायचं की नाही.

थंडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे तिला कुणी फारसं मोजत नाही. गडावर बर्फ पडत नाही, हे खरं. पण रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, वारा वाहत असतो, आणि चढताना घामाने भिजलेला सुती टीशर्ट अंगालाच चिकटून असतो. गारठ्याने आजारी पडायला एवढं पुरतं. मुलांचं अंग मोठ्या माणसांपेक्षा लवकर निवतं. एकदा आमच्या गटातला एक मुलगा संध्याकाळी एका बाजूला बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधायचा, सुटायची, परत बांधायचा. सगळ्यांना वाटलं, रुसलाय. जवळ जाऊन पाहिलं तर ओठ निळसर, बोलणं अडखळत. कोरडे कपडे, कानटोपी, खाली जाड सतरंजी आणि गुळाचा गरम चहा दिल्यावर अर्ध्या तासाने तो माणसात आला.

म्हणून मुलांना जोड्या लावून दे आणि एकमेकांवर लक्ष ठेवायला शिकव. अंगठा करंगळीला टेकतोय का, बोलणं स्पष्ट आहे का, पाय अडखळतोय का, हे बारा वर्षांच्या मुलाला सहज तपासता येतं. कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटलं, असं धरून चालायचं नाही. बोलणं जड होऊन कुडकुडणं थांबलं, तर मामला गंभीर आहे. हातपाय जोरात चोळायचे नाहीत, शेकोटीला अगदी चिकटवायचंही नाही. मुक्कामाला पोचल्याबरोबर घामाचे कपडे बदलायला लाव, अंग गार पडायची वाट बघू नकोस. केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात शिरायचा मोह मुलांना होणारच. पाणी कंबरभर आणि बर्फासारखं असतं. मी तरी डिसेंबरात मुलांना आत सोडणार नाही. आणि तंबूत किंवा बंद गुहेत निखाऱ्याची शेगडी कुणालाही नेऊ देऊ नकोस. तिच्यातून निघणारा वायू विषारी असतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतल्या माणसाला काही कळत नाही. थंडीत तहान लागली नाही तरी पाणी प्यायला लावायचं, हे तू जाणतेसच.

दुसरी काळजी आग्यामोहोळाची. कपारींखालून जाताना ओरडणं, दगड मारणं, डिओचे फवारे आणि धूर, सगळं बंद. माशा उठल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही. डोकं आणि तोंड कपड्याने झाकायचं आणि पायाखालची वाट बघत लांब निघायचं. नांगी नखाने ताबडतोब काढायची, कारण तिच्या वासाने आणखी माशा येतात. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना. म्हणून एक गाडी पाचनईत थांबवूनच ठेव.

कोकणकड्यावर मुलांना पाचपाचच्या गटाने ने आणि पालथं झोपवूनच खाली बघू दे. रेलिंग असलं तरी त्याला टेकायचं नाही. काठावरचं वाळलेलं गवत बुटाखाली तेलासारखं निसटतं. ते आधी सपाट जागी त्यांना स्वतःच्या बुटाने चाचपून बघू दे, म्हणजे तुला ओरडावं लागणार नाही.

चुकलेल्या मुलाने काय करायचं, याची तालीम मात्र शाळेच्या मैदानावरच घे. वाट चुकली की चालत राहायचं नाही, झाडाला किंवा मोठ्या दगडाला धरून तिथंच थांबायचं. गळ्यात प्रत्येकाच्या शिट्टी हवी. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं. गंमत म्हणून वाजवायची नाही, आणि मागे राहिल्याबद्दल कुणी रागावणार नाही, हे दोन्ही एकाच दमात सांग. रांगेच्या शेवटी कायम एक मोठं माणूस चालेल, त्याच्या मागे कुणीही नाही.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जेवण गडावर न ठेवता पाचनईत ठेव, म्हणजे उतरायला घाई होणार नाही. पालकांच्या पत्रात दमा, फिट आणि ॲलर्जीची चौकट घाल, आणि ज्यांनी ती कोरी सोडली असेल त्यांना स्वतः फोन कर. वाटाड्या गावातलाच घे. तो म्हणाला की आज वर जाऊ नका, तर जाऊ नकोस. मुलांची समजूत मैदानावर खेळूनही काढता येते.

शिट्टीची तालीम झाली की कळव. कोण गोंधळलं आणि कोणाला पटकन जमलं, ते मला सविस्तर हवं आहे.

तुझी,
मावशी