कुमारटुलीचे मूर्तिकार

पावसाळा सरत आला, की बंगालमध्ये नद्यांच्या काठी काश नावाच्या उंच गवताला पांढरे तुरे येतात. अंगणात पारिजातकाचा सडा पडू लागतो. बंगाली लोक या फुलाला शिउली म्हणतात. काश आणि शिउली फुलली, की दुर्गापूजा जवळ आली, असे तेथे पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले आहेत. कोलकाता शहराच्या दाट वस्तीत काशाचे तुरे कोठून दिसणार? परंतु त्या शहराच्या उत्तर भागात, हुगळी नदीजवळ, एक जुनी वस्ती अशी आहे, की जेथे उत्सवाची चाहूल शरद ऋतूच्या कितीतरी आधी लागते. तिचे नाव कुमारटुली. कुमार म्हणजे कुंभार व टुली म्हणजे आळी. आपल्या गावोगावच्या कुंभारआळीसारखेच हे साधे नाव आहे.

येथील कुंभारांचे पूर्वज कृष्णनगर वगैरे भागांतून येऊन शहरात स्थायिक झाले. गाडगी-मडकी घडवणारे हे हात हळूहळू मूर्तिकामात रमले. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना लांबट अंधाऱ्या कार्यशाळा आणि त्यांत दाटीने उभ्या असलेल्या मूर्ती, असे कुमारटुलीचे दृश्य असते. वाटसरूला अंग चोरूनच चालावे लागते.

आषाढातील रथयात्रेच्या दिवशी बांबू व लाकूड यांच्या सांगाड्याची पूजा करतात आणि कामाला आरंभ होतो. या सांगाड्यावर भाताचा पेंढा सुतळीने घट्ट आवळून देहाचा आकार दिला जातो. हात, पाय, कंबर यांचा डौल खरे पाहता येथेच ठरतो. पेंढा चुकीचा बांधला गेला, तर वर कितीही सुंदर रंग दिला तरी मूर्ती वाकडी ती वाकडीच. मग नावांतून आणलेल्या चिकणमातीत तूस कालवून पहिला थर लिंपतात. तो वाळला म्हणजे त्याला भेगा पडतात. त्या बुजवण्यासाठी पातळ मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवतात आणि वर मऊ, गाळीव मातीचा हात फिरवतात. मस्तक व बोटे वेगळी करून नंतर जोडतात. त्यावर खडूचा पांढरा थर देऊन मग रंग चढवतात. जुन्या पद्धतीत रंग पक्का बसावा म्हणून त्यात चिंचोक्याची खळ मिसळीत.

हे सारे वाचायला सोपे वाटते. पण माती वाळायला ऊन हवे, आणि हे काम तर ऐन पावसाळ्यात चालते! भाद्रपदात चार दिवस झड लागली, की मूर्तिकाराच्या तोंडचे पाणी पळते. पूजेची तिथी काही त्याच्यासाठी थांबत नाही. मग प्लॅस्टिकचे कापड ताणून, पंखे लावून आणि कधी ज्योतीची धग देऊन माती सुकवावी लागते.

देवीच्या अलंकारांचे कारागीर निराळे. आपल्याकडे बाशिंगे ज्या पांढऱ्या, हलक्या भेंडापासून करीत, तसल्याच भेंडाला बंगालमध्ये शोला म्हणतात. तो कोरून माळाकार लोक मुकुट व हार तयार करतात. दुसरा प्रकार चंदेरी पत्र्याच्या साजाचा. हा पातळ पत्रा पूर्वी जर्मनीहून टपालाने म्हणजे डाकेने येई, म्हणून त्याचे नाव ‘डाकेर साज’ असे पडले. पुढे तो देशातच मिळू लागला, पण नाव बदलले नाही.

आपण जिला सर्वपित्री अमावास्या म्हणतो, तिला बंगालमध्ये महालया म्हणतात. या दिवशी देवीचे नेत्र रंगवण्याची जुनी प्रथा आहे. तिला ‘चक्षुदान’ असे सुंदर नाव आहे. अनुभवी कारागीरच हे काम करतो. कुंचल्याचा एक फटकारा जाड झाला, तर तीन महिन्यांच्या श्रमांवर पाणी पडायचे.

त्याच पहाटे चार वाजता घराघरांतून रेडिओ लागतो. वीरेंद्रकृष्ण भद्र यांच्या आवाजातील ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम १९३० नंतरच्या दशकापासून कोलकाता केंद्रावरून ऐकवला जात आहे. त्याची संहिता वाणीकुमार यांची व संगीत पंकज मलिक यांचे. पूर्वी सारे कलावंत पहाटेपूर्वी केंद्रात जमून तो प्रत्यक्ष सादर करीत. पुढे ध्वनिमुद्रण आले. १९७६ साली अधिकाऱ्यांनी हा कार्यक्रम बाजूला सारून उत्तमकुमार या अतिशय लोकप्रिय चित्रपटनटाचा नवा कार्यक्रम प्रक्षेपित केला. लोकांना तो मुळीच रुचला नाही. एवढा निषेध झाला, की जुना कार्यक्रम परत आणावा लागला. नटाची लोकप्रियता थोडीथोडकी नव्हती. पण पहाटेचा तो ओळखीचा आवाज लोकांच्या घरचाच झाला होता.

एके काळी दुर्गापूजा हा धनिकांच्या वाड्यांतील उत्सव होता. शोभाबाजारच्या राजवाड्यात नवकृष्ण देव यांनी १७५७ साली सुरू केलेली पूजा प्रसिद्ध आहे. तेथे सामान्य माणसाला मान कोठला? पुढे हुगळी जिल्ह्यातील गुप्तिपाडा गावी बारा मित्रांनी वर्गणी काढून पूजा केली, असे सांगतात. बारा यारांची म्हणून ती ‘बारोयारी’. विसाव्या शतकात कोलकात्याच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांतून सार्वजनिक पूजा होऊ लागल्या. आपल्याकडे लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने गणेशोत्सवाला जे रूप आले, त्याची येथे आठवण होते.

सार्वजनिक पूजेमुळे मूर्तीही बदलली. पूर्वी दुर्गा, महिषासुर, लक्ष्मी, सरस्वती, गणेश व कार्तिक हे सर्व एकाच प्रभावळीखाली असत. १९३० नंतरच्या दशकात खुद्द कुमारटुलीच्या पूजेत ऐन वेळी आग लागून मूर्ती जळाली, अशी हकीकत तेथे सांगतात. रात्र तेवढी हाती होती. एवढा मोठा देखावा एका रात्रीत कसा उभा राहावा? गोपेश्वर पाल या मूर्तिकाराने काम वाटून घेतले. एकेक मूर्ती एकेकाने घडवली आणि सकाळी त्या वेगवेगळ्या उभ्या केल्या. ही हकीकत तंतोतंत खरी असो वा नसो, सुट्या मूर्तींची पद्धत रूढ करण्याचे श्रेय गोपेश्वर पाल यांनाच देतात. जुन्या वळणाच्या लोकांनी त्या वेळी नाके मुरडली म्हणतात. आज दोन्ही प्रकार सुखाने नांदत आहेत.

या आळीची एक रीत मात्र फार काळ टिकली. देवी स्त्री, तिची मूर्ती घडवायची ती पुरुषांनी! मुलींनी कार्यशाळेत यावे, हे कोणाला पसंत नसे. चायना पाल यांचे वडील १९९४ साली निवर्तले, तेव्हा कार्यशाळेचा भार या मुलीने उचलला. आज त्या कुमारटुलीतील नामांकित मूर्तिकार आहेत. मूर्ती बोलत नाही. ती घडवणारा हात कोणाचा, हे तिच्याकडे पाहून कोणी सांगू शकेल काय?

पूजेच्या आधी दोन-तीन दिवस सियालदह स्थानकाबाहेर ढोलांचा गजर सुरू होतो. खेड्यापाड्यांतून आलेले ढाकी, म्हणजे ढाक हे मोठे वाद्य वाजवणारे लोक, तेथे जमतात. ढाकाला पांढऱ्या पिसांचा तुरा लावलेला असतो. मंडळांचे लोक येतात, वादन ऐकतात, बिदागी ठरवतात आणि ढाकींना घेऊन जातात. ज्याला कोणी नेले नाही, तो आणखी जोराने वाजवतो. वर्षाच्या मिळकतीचा बराच भाग त्याला या पाच दिवसांतच मिळवायचा असतो.

याच सुमारास शारदीय अंक निघतात. सत्यजित राय यांच्या गुप्तहेर फेलुदाच्या अनेक कथा अशा अंकांतूनच मुलांच्या हाती पडल्या. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पाडली. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांना बंगाली साहित्याची एवढी गोडी होती, की त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली आडनावच धारण केले.

डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. हा वारसा वस्तूंचा नव्हे, तर प्रथांचा व कौशल्यांचा, म्हणूनच तो अमूर्त. दशमीपासून मूर्ती नदीच्या घाटांवर येऊ लागतात. माती विरते, रंग वाहून जातात. पाणी दूषित होऊ नये म्हणून आता घाटांवर यंत्रे उभी असतात. मूर्ती बुडाली, की लगेच ती वर ओढून घेतात. पेंढ्याचे व लाकडाचे काही सांगाडे पुन्हा कुमारटुलीला विकत जातात.

परंतु तेथे त्यांच्याकडे पाहायला त्या वेळी कोणाला सवड नसते. दशमीनंतर पाचव्याच दिवशी कोजागरी पौर्णिमा येते. आपण त्या रात्री दूध आटवतो. बंगालमध्ये घरोघर लक्ष्मीची पूजा होते. कार्यशाळांच्या दारांत लहान लहान लक्ष्मीच्या मूर्ती आणि त्यांच्या पायांशी बसलेली घुबडे रांगेने वाळत पडलेली असतात, आणि आत, अमावास्येच्या कालीपूजेसाठी, नव्या सांगाड्यांवर पेंढा बांधला जात असतो.