चोरीच्या कार्डाची कसोटी

रायपूरचा सदर बाजार ही सराफांची पेठ होय. सोन्याचा कस पाहावयाचा असला म्हणजे सराफ दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर किंचित घासतो. सोने जवळजवळ झिजत नाही, पण त्याची परीक्षा होते. बँकेच्या कार्डांचे क्रमांक चोरणाराही आपल्या चोरीचा कस असाच पाहतो. त्याची कसोटी म्हणजे पुष्कळदा मोबाईलचा एक लहानसा रिचार्ज.

या कसोटीची त्यास गरज का पडते? बहुतेक कार्डांवर सोळा अंक असतात. त्यांतील अखेरचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने ठरतो. ही रीत हान्स पीटर लून या अभियंत्याची असून तिचे अमेरिकेतील पेटंट त्यांना १९६० साली मिळाले. सोयीसाठी ५२७२ ही चारच अंकांची संख्या घेऊ. उजवीकडून मोजून दर दुसरा अंक दुप्पट करावा व दुप्पट नवाहून अधिक आल्यास तीतून ९ वजा करावे. सातचे १४, म्हणून ५; पाचचे १०, म्हणून १. आता १ + २ + ५ + २ = १०. बेरजेस १० ने निःशेष भाग जातो; अर्थात क्रमांक बरोबर आहे. चुकून ५७२२ लिहिल्यास बेरीज १४ येते आणि चूक तत्काळ उघडकीस येते.

परंतु हे गणित लिहिणाऱ्याची चूक पकडते, चोरास नव्हे. कार्ड चालू आहे की रद्द झाले, हे केवळ बँक जाणते. तिच्याकडून ते काढून घेण्यासाठी काहीतरी खरेदी करावी लागते. रिचार्जला घरपोच माल नको, पत्ता नको. व्यवहार क्षणात पुरा होतो आणि रक्कम अल्प असल्याने खातेदार तिकडे दुर्लक्ष करतो. कस लागला, की मोठ्या खरेदीस आरंभ होतो.

यास आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांस कार्डावर न छापलेला आणखी एक पुरावा आवश्यक केला. मोबाईलवर येणारा ओटीपी हा तोच पुरावा. म्हणूनच येथील ठग फोनवर गोड बोलून ओटीपी मागतात. परदेशांतील काही दुकाने मात्र असा पुरावा मागत नाहीत. तेथे नुसते क्रमांकही पुरतात.

तेव्हा आपण न केलेल्या दहा रुपयांच्या रिचार्जचा संदेश आला, तरी तो क्षुल्लक मानू नये. त्याच क्षणी बँकेस कळवून कार्ड बंद करवावे आणि १९३० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले, की दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही अशा चोरीत, बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडू नये. ओटीपी स्वतःच दुसऱ्यास सांगितला असेल, तर मात्र बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे त्यानेच सोसावयाचे. रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसणे, हेच चोरास हवे असते.