मूल दत्तक घ्यायचंय? नांदेड-लातूरकरांनी पैसे किती धरावेत

चौसष्ट हजार रुपये. 2022च्या दत्तक नियमावलीप्रमाणे देशातल्या पालकांकडून घ्यायचं शुल्क सगळं मिळून एवढंच आहे, आणि तेही टप्प्याटप्प्याने द्यायचं असतं. समाजकार्यकर्ता घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतो, त्याचे 6,000. मूल घरी आणताना दत्तक संस्थेला 50,000. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी कुणी तरी येऊन मूल कसं रुळलंय ते पाहतं. अशा चार भेटी, प्रत्येकीचे 2,000. प्रत्येक रकमेची पावती मागून घ्या. यावर देणगी मागण्याचा संस्थेला अधिकार नाही.

हे आधीच सांगतो, कारण आपल्याकडे दत्तकाची चौकशी बहुतेकदा ओळखीतून सुरू होते. ‘अमक्या दवाखान्यात बाळ आहे, दोन-अडीच लाखांत काम होईल’ असं कुणी म्हणालं, तर तिथूनच उठा. तो मुलाचा सौदा आहे. विकणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार ठरतात, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखाचा दंड होऊ शकतो. बाँडवर लिहून घेतलेला कागद अशा वेळी वाचवत नाही. असं काही कानावर आलं तर 1098वर कळवा.

सरळ रस्ता ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, केअरिंग्ज पोर्टलवरून जातो. फोटो, पॅन कार्ड, जन्म, रहिवास, उत्पन्न आणि लग्नाचे दाखले, डॉक्टरांचं प्रमाणपत्र एवढं जमवून ठेवा. पोर्टल जमत नसेल तर आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जा. तिथे एजंट लागत नाही.

गृहभेटीची धास्ती घेऊ नका. घर पत्र्याचं की स्लॅबचं यावर काही अडत नाही. मुलाला पोसण्याइतकं स्थिर उत्पन्न, तब्येत आणि नवरा-बायको दोघांचीही मनापासून तयारी पाहिली जाते. सासू-सासरे सोबत राहत असतील तर त्यांच्याशी आधीच बोला. नातवाला जवळ घेणार तेच आहेत, त्यांना आयत्या वेळी सांगणं बरं नाही. मुलालाही तो दत्तक आहे हे लहानपणापासून घरातूनच कळू द्या. बाहेरून कळलं की जखम होते.

खरी किंमत वाट पाहण्याची आहे. लहान, निरोगी बाळासाठी तीन-चार वर्षं सहज जातात. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर दोघांच्या वयाची बेरीज 85च्या वर नको, एकट्या पालकाचं वय 40च्या वर नको. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी हीच मर्यादा 100 आणि 50 आहे. म्हणून पाच वर्षं उपचारांत घालवून मग नोंदणी करू नका, उपचार चालू असतानाच नाव टाका. मूल दुसऱ्या राज्यातलंही असू शकतं, तेव्हा दोघांचे रेल्वेचे जाण्या-येण्याचे आणि चार दिवस राहण्याचे पैसे वेगळे ठेवा. आता दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, न्यायालयात जावं लागत नाही.

चुलतभावाचं किंवा बहिणीचं मूल घेणाऱ्यांसाठी 1956च्या हिंदू दत्तक कायद्याची नोंदणीकृत दत्तकपत्राची वाट आहेच. तिथे मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतलं लागतं.

सहा वर्षांपुढच्या मुलाला घर द्यायची तयारी असेल तर प्रतिपालकत्वाचाही विचार करा. बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल तुमच्याकडे राहतं, ‘मिशन वात्सल्य’तून दरमहा 4,000 रुपये मिळतात. मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं असेल आणि दोन वर्षं नीट रुळलं, तर त्यालाच दत्तक घेण्याचा मार्ग 2024च्या मार्गदर्शक सूचनांनी खुला केला आहे. पूर्वी त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागे. बालसंगोपन योजनेचे 2,250 रुपये वेगळे आहेत. ते आई किंवा वडील गमावलेल्या, संकटातल्या मुलांना घरातच वाढवण्यासाठी असतात. त्यातून दत्तकाचा हक्क येत नाही.