एका नावाच्या दोन फाइली

वर्गात दोन गणपत असले म्हणजे मुले त्यांना 'पहिला' व 'दुसरा' असे क्वचितच म्हणतात. एक वरच्या आळीचा गणपत, दुसरा खालच्या आळीचा. दोघे एकाच आळीतले निघाले, तर वडिलांचे नाव जोडले जाते. संगणकावर मजकूर लिहिण्याच्या साधनासही, म्हणजे मजकूर-संपादकासही, हाच प्रश्न सोडवावा लागतो. रिचर्ड स्टॉलमन यांचा 'जीएनयू ईमॅक्स' हा संपादक १९८५ साली प्रसृत झाला. त्याने काढलेला मार्ग शिक्षकांनी पाहण्याजोगा आहे.

फाइल उघडली म्हणजे संपादक तिच्यातील मजकुराची प्रत संगणकाच्या स्मृतीत घेतो. या प्रतीस 'बफर' म्हणतात. लिहिणे-खोडणे सारे बफरात चालते. जतन केल्यावाचून मूळ फाइल बदलत नाही. बफरास सहसा फाइलीचेच नाव मिळते, आणि दोन बफरांचे नाव एक असू शकत नाही. आता 'तिसरी' व 'चौथी' या दोन फोल्डरांत 'गुण' नावाची एकेक फाइल आहे असे समजा. दोन्ही उघडताच पेच पडतो.

जुनी रीत क्रमांकाची होती. आधी उघडलेली 'गुण', मागाहून उघडलेली 'गुण<२>'. रीत सोपी, पण फसवी. सोमवारी तिसरीची फाइल आधी उघडली तर '२' म्हणजे चौथी. मंगळवारी क्रम उलटला की तोच '२' तिसरीचा. तो क्रमांक फाइलीविषयी काहीच सांगत नाही. घाईत चौथीचे गुण तिसरीच्या यादीत भरले गेले, तर चूक उमगते ती पालक दाराशी येऊन उभा राहिल्यावर.

फोल्डरावरून नाव देण्याची सोय पूर्वीही होती, पण ती मुद्दाम सुरू करावी लागे. २०१४ सालच्या २४.४ या आवृत्तीपासून तीच नेहमीची रीत झाली. दुसरी फाइल उघडताच दोन्ही बफरांची नावे बदलतात : 'गुण<तिसरी>' आणि 'गुण<चौथी>'. फाइलींची स्वतःची नावे मात्र जशीच्या तशी राहतात. खूण भेद कळण्यापुरतीच असते. '२०२४' व '२०२५' या फोल्डरांत प्रत्येकी 'तिसरी' आणि तिच्यात 'गुण' असेल, तर दोहोंतील 'तिसरी' गाळून 'गुण<२०२४>' व 'गुण<२०२५>' एवढेच दिसते. एक बफर बंद केला की उरलेला पुन्हा नुसता 'गुण' होतो. नवख्यास हे जरा चमत्कारिक वाटते खरे. उघडलेलीच फाइल पुन्हा मागितली, तर दुसरा बफर होत नाही. असलेलाच पुढे येतो.

हा पाठ संगणकावाचूनही घेता येतो. कपाटाच्या दोन खणांत 'गुण' असे लिहिलेली एकेक पाटी ठेवावी. दोन्ही बाहेर काढल्यावर कोणती कुठली हे कळण्यास मुलांकडून कमीत कमी शब्दांची खूण लिहवून घ्यावी. नंतर एक पाटी परत ठेवावी, आणि उरलेल्या पाटीवरची खूण पुसावी की राहू द्यावी, हे मुलांनाच ठरवू द्यावे.