मधूनच बसणारा हिसका : स्वयंचलित गिअरपेटीतील दोष शोधावा कसा?

यंत्राची दुखणी दोन प्रकारची असतात. काही सदासर्वदा जाणवणारी, तर काही मधूनच येणारी आणि मेकॅनिकपुढे गाडी उभी केली की नेमकी नाहीशी होणारी! पहिल्या प्रकारचे दुखणे शोधणे सोपे. दुसऱ्या प्रकारचे दुखणे हिवतापासारखे असते. ताप नसताना रोग्याची नाडी पाहून फारसे काही कळत नाही. म्हणून डॉक्टर विचारतात, "ताप केव्हा येतो? रोज की दिवसाआड? थंडी वाजून येतो का?" मधूनच येणारा दोष शोधताना चांगला मेकॅनिकही असेच प्रश्न विचारतो.

असाच एक दोष आपण अभ्यासासाठी घेऊ. स्वयंचलित गिअर असलेली एक मोटार एरवी अगदी सुरळीत चालते. पण कधी कधी गिअर बदलताना जोराचा हिसका बसतो, जणू मागून कुणी धक्का दिला. अशा वेळी घाईने "गिअरबॉक्स गेला" असे ठरवून तो उतरवला तर खर्च फार मोठा येतो. दोष एखाद्या सैल वायरीत असेल, तर तो सारा खर्च वाया जातो आणि हिसका तसाच राहतो. उलट दुर्लक्ष केले तर आतल्या भागांवर वारंवार ताण पडून चांगली गिअरपेटी खरोखरच खराब होऊ शकते. तेव्हा निदान अचूक हवे.

गिअर आपोआप कसा बदलतो?

मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९३९ साली बाजारात आणली. तिचे नाव हायड्रामॅटिक. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ती बसवलेली होती. पुढे रचनेत पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ तत्त्व कायम राहिले.

आजच्या अशा गिअरपेटीचे तीन मुख्य भाग सांगता येतील. पहिला भाग टॉर्क कन्व्हर्टर. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हवेऐवजी तेल असते. इंजिन एक चक्र फिरवते आणि तेलाच्या झोताने दुसरे फिरते. दुसरा भाग ग्रहमालेसारखी दातेरी चाके. मध्ये 'सूर्य' चाक, त्याभोवती 'ग्रह' चाके आणि या सर्वांना वेढणारे कडे. यांपैकी कोणता भाग धरून ठेवला आणि कोणता फिरवला यावर बाहेर मिळणारी गती ठरते. तिसरा भाग क्लच. वर्तुळाकार तबकड्या तेलाच्या दाबाने एकमेकींवर दाबल्या जातात आणि हवा तो भाग धरून ठेवतात.

म्हणजे येथे गिअर बदलणे याचा अर्थ एक क्लच सोडणे आणि दुसरा पकडणे. ही अदलाबदल साधारण अर्ध्या सेकंदाच्या आसपास पुरी होते.

पास्कलचा नियम येथे उपयोगी पडतो. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. समजा, क्लच दाबणाऱ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ६० चौरस सेंटीमीटर आहे. तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ५ किलोग्रॅम असेल, तर तबकड्यांवर ३०० किलोग्रॅम भार पडेल. दाब १० झाला तर भार ६०० किलोग्रॅम! तबकड्या तितक्याच झटक्याने एकमेकींना पकडतील.

आता हिसका का बसतो ते पाहा. वरचा गिअर पडताना इंजिनाची गती मिनिटाला ३,००० फेऱ्यांवरून २,००० वर यावी लागते असे समजू. हे काम ०.६ सेकंदात झाले तर आपल्याला कळतही नाही. तेच ०.२ सेकंदात झाले तर गती तिप्पट वेगाने घटते, आणि फिरणाऱ्या जड भागांचा धक्काही तिप्पट होतो. चेंडूचा झेल घेताना खेळाडू हात मागे ओढतो तो याच कारणासाठी. थांबायला वेळ जास्त मिळाला की आघात कमी होतो. गिअरपेटीतही असे 'हात मागे ओढणारे' दट्टे असतात. त्यांना ॲक्युम्युलेटर म्हणतात. त्यांच्यामागे स्प्रिंग असते. तेल आधी त्यांना मागे ढकलते, त्यामुळे क्लचवरचा दाब हळूहळू चढतो. असा दट्टा अडकला की गादी काढून घेतल्यासारखे होते.

हिसका हेच संरक्षण?

येथे एक मजेची गोष्ट लक्षात घ्यावी. दाब फार कमी असेल तर काय होईल? तबकड्या घसरतील, घर्षणाने तापतील आणि थोड्या वेळात जळून जातील. दाब जास्त असेल तर हिसका बसेल, पण तबकड्या घसरणार नाहीत. दोन संकटांतले लहान संकट कोणते? अर्थातच हिसका.

म्हणून पुष्कळ गिअरपेट्यांची रचनाच अशी असते की नियंत्रणात बिघाड झाला तर दाब आपोआप सर्वांत जास्त व्हावा. दाब ठरवणारी झडप सोलेनॉइडने, म्हणजे वीजप्रवाहावर चालणाऱ्या वेटोळ्याने, हलते. प्रवाह वाढला की दाब कमी होतो आणि प्रवाह तुटला की दाब पूर्ण होतो. वायर तुटली तरी गाडी हिसके देत का होईना, घरी पोचते.

जुन्या गाड्यांतही हीच युक्ती होती. १९६० व १९७० च्या दशकांतील अनेक अमेरिकन गाड्यांत इंजिनापासून गिअरपेटीपर्यंत एक बारीक रबरी नळी येत असे. इंजिनावर भार कमी असला की नळीत निर्वात जास्त, आणि भार वाढला की निर्वात कमी. त्यावरून तेलाचा दाब ठरे. नळीला चीर पडली की निर्वात नाहीसा होई. गिअरपेटीचा समज होई की चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आहे; दाब वाढे आणि हिसके सुरू होत. एका रबरी नळीसाठी गिअरपेटी उतरवणे कितपत शहाणपणाचे?

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. हिसका बसला म्हणजे क्लचच बिघडला असे नव्हे. क्लच कदाचित मिळालेली आज्ञा इमानाने पाळत असेल. चूक आज्ञेत असेल.

निदानाच्या पायऱ्या

पहिली पायरी नोंदीची. हिसका बसला की वेळ, इंजिन थंड की तापलेले, कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना, ॲक्सिलरेटर किती दाबलेला, रस्ता कसा, हे सारे वहीत लिहावे. नोंद चालकाने नव्हे, शेजारी बसलेल्याने करावी. हिसका न बसलेल्या प्रवासांची नोंदही तितकीच मोलाची असते.

दुसरी पायरी तेलाची. तेलाची पातळी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानालाच पाहावी, कारण तापल्यावर तेल प्रसरण पावते. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, तेलात फेस होतो आणि दाब डळमळतो. तेल जास्त असले तरी फिरणारे भाग ते घुसळतात आणि फेस होतोच. तेल काळपट आणि करपल्या वासाचे असेल तर तबकड्या जळल्याचा संशय घ्यावा. दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजावे.

तिसरी पायरी बाहेरच्या भागांची. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेले असते ते फाटले असतील, तर साध्या धक्क्याचाही मोठा हिसका होतो.

चौथी पायरी विजेची. आजच्या गाडीतील संगणक बिघाडाची खूण स्मृतीत जपून ठेवतो. स्कॅनर जोडून ती वाचता येते. पण खूण म्हणजे निकाल नव्हे. 'दाबाच्या सोलेनॉइडच्या मंडलात बिघाड' एवढेच ती सांगते. बिघाड सोलेनॉइडमध्ये, वायरीत, जोडात की अर्थिंगमध्ये, हे मोजूनच ठरवावे लागते.

पाचवी पायरी दाबमापक लावून तेलाचा प्रत्यक्ष दाब पाहण्याची. या सर्वांतून उत्तर मिळाले नाही, तरच गिअरपेटी उघडावी.

एक उदाहरण

समजा, एका गाडीची आठवड्याची नोंद अशी आहे. सकाळी थंड इंजिनावर हिसका नाही. वीस मिनिटे चालल्यावर, विशेषतः खडबडीत रस्त्यावर, हिसके सुरू. हिसके सर्वच गिअरना. गाडी तासभर थांबवली की ते बंद.

आता तर्क करू. हिसका एकाच गिअरला असता, तर त्या गिअरचा क्लच किंवा त्याचा ॲक्युम्युलेटर संशयित ठरला असता. येथे तो सर्व गिअरना आहे. म्हणजे कारण सर्वांना सामाईक असलेले, बहुधा मुख्य दाबाशी संबंधित असावे. उष्णतेचा संबंध स्पष्ट आहे. पण तापल्यावर तेल पातळ होते आणि विजेचे जोडही सैल होतात. दोन्ही शक्यता उरतात. खडबडीत रस्त्याचे तेलाला मात्र फारसे काही वाटत नाही. सैल जोडाला वाटते! म्हणून आधी वायरी तपासाव्यात.

समजा, सोलेनॉइडच्या तांब्याच्या वेटोळ्याचा रोध २० अंश सेल्सिअसला ५ ओहम आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. तेव्हा ९० अंशाला तो ५ × (१ + ०.००३९ × ७०), म्हणजे सुमारे ६.४ ओहम व्हायला हवा. गरम गाडीवर मोजताना तो ६.४ च दिसला, पण जोड हाताने हलवताच मापकाचा काटा अनंताकडे गेला. चोर सापडला! वेटोळे चांगले आहे. जोडाची पिन सैल आहे.

पिन बदलली म्हणजे काम संपले का? नाही. गाडी पुन्हा त्याच खडबडीत रस्त्यावर, तितकीच तापवून, अनेक दिवस चालवली पाहिजे. मधूनच येणारा दोष एक दिवस आला नाही, तर तो गेला असे सिद्ध होत नाही. तसेच एका वेळी एकच बदल करावा. तेल, सोलेनॉइड आणि पिन एकाच दिवशी बदलले, तर हिसका कशामुळे थांबला हे कधीच कळणार नाही.

एक सूचना. आपल्याकडील पुष्कळ लहान गाड्यांत 'एएमटी' नावाची पद्धत असते. तिच्यात साधीच गिअरपेटी आणि साधाच क्लच यंत्राकडून हलवला जातो, ग्रहचक्रे नसतात. तिची कारणे वेगळी, पण तर्काची पद्धत हीच. तसेच गाडीखाली जाण्याचे किंवा गरम तेलाला हात लावण्याचे काम जाणत्या मेकॅनिकचे आहे. विद्यार्थ्यांनी वही आणि पेन्सिल सांभाळावी.

विचार करा

१. हिसका फक्त सकाळी, पहिल्या पाच मिनिटांतच बसतो. तेलाच्या श्यानतेवरून कोणते कारण सुचते?

२. दट्ट्याचे क्षेत्रफळ ४५ चौरस सेंटीमीटर आणि दाब दर चौरस सेंटीमीटरला ८ किलोग्रॅम असेल, तर तबकड्यांवर किती भार येईल?

३. ॲक्सिलरेटरची स्थिती सांगणारा सेन्सर एकाच जागी झिजला आहे. हिसका केव्हा बसेल? तो ओळखण्यासाठी वहीत कोणती नोंद हवी?

४. घरातील मधूनच बंद पडणारा दिवा, पंखा किंवा रेडिओ निवडा. आठ दिवस नोंद ठेवा, आणि काहीही उघडण्यापूर्वी तुमचा तर्क लिहून शिक्षकांना दाखवा.